रॉबर्ट ब्राउन इलियट : संसद गाजवणारे कृष्णवर्णीय वकील, ज्यांना ॲटर्नी जनरलच्या पदावरून घालवण्यात आलं

६ जानेवारी १८७४. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची प्रेक्षक गॅलरी भरलेली होती. एक दिवस आधी याच सभागृहात अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी नागरी हक्क विधेयकाच्या विरोधात भाषण केलं होतं. स्टीव्हन्स हे साधे खासदार नव्हते. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी जे वेगळं सरकार स्थापन केलं होतं, त्याचे ते उपाध्यक्ष होते. आता त्यांना उत्तर देण्यासाठी एक कृष्णवर्णीय खासदार उभा राहिला. वय जेमतेम ३१ वर्षं.

त्यांचं नाव रॉबर्ट ब्राउन इलियट. त्या दिवशीच्या भाषणाने ते देशभर गाजले. पुढे १८७६ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणून ते निवडून आल्याचं जाहीर झालं. पण काही महिन्यांतच त्यांना ते पद सोडावं लागलं आणि ४२ वर्षं पूर्ण होण्याआधी त्यांचा मृत्यू झाला.

गुलामगिरी संपली म्हणजे सगळं संपलं, असं आपण शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत वाचतो. त्यानंतरच्या बारा वर्षांत काय मिळालं आणि ते कसं हिसकावून घेतलं गेलं, हे समजून घ्यायचं असेल तर इलियट यांचं आयुष्य माहीत असायला हवं.

थोडक्यात ओळख

नाव : रॉबर्ट ब्राउन इलियट
जन्म : ११ ऑगस्ट १८४२ (त्यांनी स्वतः सांगितलेली तारीख)
मृत्यू : ९ ऑगस्ट १८८४, न्यू ऑर्लिन्स
पेशा : पत्रकार, वकील, राजकारणी
पक्ष : रिपब्लिकन
पदं : राज्यघटना परिषदेचे सदस्य, राज्याच्या विधानसभेचे सदस्य आणि नंतर सभापती, अमेरिकी संसदेचे सदस्य (१८७१ ते १८७४), साउथ कॅरोलायनाचे ॲटर्नी जनरल (१८७६-७७)

ॲटर्नी जनरल म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा स्वतःचा ॲटर्नी जनरल असतो. तो राज्य सरकारचा मुख्य कायदा अधिकारी. राज्याच्या वतीने कोर्टात उभं राहणं, गव्हर्नर आणि सरकारी खात्यांना कायदेशीर सल्ला देणं, महत्त्वाच्या खटल्यांवर लक्ष ठेवणं ही त्याची कामं.

आपल्याकडे राज्याचे महाधिवक्ता असतात, त्याच्याशी हे पद साधारण जुळतं. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे महाधिवक्त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र लोक मतदान करून ॲटर्नी जनरल निवडतात. इलियट यांच्या काळात साउथ कॅरोलायनामध्येही तो लोकांच्या मतांवरच निवडला जात होता. त्यामुळे या पदावर कोण बसतं, हा जितका कायद्याचा तितकाच राजकारणाचा प्रश्न होता. कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्यांवर खटले चालणार की नाही, हे बऱ्याच अंशी या खुर्चीवर अवलंबून होतं.

जन्म बोस्टनचा की लिव्हरपूलचा?

इलियट सांगायचे की आपला जन्म अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला, शिक्षण इंग्लंडमध्ये झालं आणि १८५९ मध्ये आपण प्रसिद्ध ईटन शाळेतून बाहेर पडलो. पण ईटनच्या नोंदींमध्ये त्यांचं नाव सापडत नाही. त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या पेगी लॅमसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात असं मत मांडलं की ते बहुधा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे होते.

यात लपवण्यासारखं काय होतं? त्या काळात कृष्णवर्णीय माणसाचं नागरिकत्व हाच वादाचा विषय होता. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय लोक या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत असं म्हटलं होतं. १८६८ मध्ये राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती झाली आणि अमेरिकेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक ठरला. शिवाय संसदेत निवडून जायचं तर किमान सात वर्षं नागरिक असण्याची अट होती. म्हणून ‘मी बोस्टनचा’ या दोन शब्दांना इलियट यांच्या बाबतीत फार मोठं राजकीय वजन होतं.

शाळा कोणतीही असो, त्यांचं वाचन दांडगं होतं आणि इंग्रजीवर हुकमत होती. याबद्दल त्यांच्या विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही.

साउथ कॅरोलायनाच का?

१८६७ मध्ये इलियट साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात आले. हे राज्य निवडण्यामागे कारण होतं.

डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेतून सर्वात आधी फुटून निघालेलं राज्य हेच. यादवी युद्धाची पहिली तोफ एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातच डागली गेली. राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून जास्त होते आणि युद्धापूर्वी त्यातले जवळपास सगळे गुलाम होते.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. मार्च १८६७ मध्ये संसदेने कायदा करून दक्षिणेतली राज्यं लष्कराच्या देखरेखीखाली आणली. नवी राज्यघटना लिहा, त्यात कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क द्या, मगच तुम्हाला संसदेत जागा मिळेल, अशी अट घातली गेली. या काळाला अमेरिकेच्या इतिहासात ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे पुनर्रचनेचा काळ म्हणतात. म्हणजे इलियट पोहोचले त्या वर्षी, कालपर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती ते लोक पहिल्यांदा मतदार होणार होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष हा लिंकन यांचा, गुलामगिरी संपवणारा पक्ष होता आणि दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष गोऱ्यांची सत्ता परत आणू पाहत होता. आजच्या अमेरिकी राजकारणाचा चष्मा लावून ही नावं वाचली तर घोटाळा होईल.

चार्ल्सटनमध्ये इलियट ‘साउथ कॅरोलायना लीडर’ या वृत्तपत्रात सहसंपादक झाले. पुढे स्वतः संसदेत गेलेले धर्मोपदेशक रिचर्ड केन हे वृत्तपत्र चालवत. कृष्णवर्णीय वाचकांपर्यंत पोहोचणाऱ्या या पत्रातून इलियट यांचं नाव राज्यात झालं.

१८६८ : राज्यघटना लिहिणाऱ्यांमध्ये

जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्सटनला राज्यघटना परिषद भरली. तिच्यात कृष्णवर्णीय सदस्यांचं बहुमत होतं. इलियट एजफिल्ड भागातून निवडून आले होते.

या परिषदेने काय केलं? मतदानासाठी मालमत्तेची अट काढली. सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळांची तरतूद केली. कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद केली. याचा फायदा गरीब गोऱ्यांनाही झाला.

इलियट यांनी इथे दोन गोष्टींना जोरदार विरोध केला. एक, ज्याला लिहिता-वाचता येतं त्यालाच मत द्या ही मागणी. दुसरी, मतदाराकडून डोईपट्टी घेण्याची सूचना. डोईपट्टीचा पैसा शाळांसाठी वापरला जाणार होता, म्हणून ती अनेकांना चांगली वाटत होती. इलियट यांचं म्हणणं वेगळं होतं. आज हा कर शाळेसाठी आहे, उद्या दुसऱ्या लोकांच्या हाती सत्ता गेली की हाच कर गरिबाला मतदानापासून लांब ठेवण्यासाठी वापरला जाईल. अखेर शाळांसाठी कर आला, पण तो भरला नाही म्हणून कुणाचाही मताधिकार जाणार नाही अशी स्पष्ट तरतूद घटनेत झाली.

हा तपशील लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

त्याच वर्षी इलियट राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. त्या सभागृहातही कृष्णवर्णीयांचं बहुमत होतं. त्याच वर्षी त्यांना वकिलीची सनद मिळाली.

क्लॅनशी सामना

मतपेटीतून मिळालेली सत्ता गोऱ्या जमीनदारांना मान्य नव्हती. कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना रात्री घरांवर हल्ले करू लागली. कृष्णवर्णीय मतदार, शाळेचे शिक्षक, रिपब्लिकन कार्यकर्ते यांना फटके मारणं, घरं जाळणं, खून करणं असे प्रकार वाढले.

१८६९ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट स्कॉट यांनी इलियट यांची राज्याच्या नागरी सैन्यदलात वरिष्ठ पदावर नेमणूक केली. क्लॅनपासून लोकांचं रक्षण करणारं दल उभारणं हे त्यांचं काम होतं. या दलात मुख्यतः कृष्णवर्णीय तरुण भरती झाले.

मार्च १८७१ मध्ये इलियट संसदेत गेले. अमेरिकेच्या संसदेला ‘काँग्रेस’ म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी या नावाचा संबंध नाही. तिचं खालचं सभागृह म्हणजे प्रतिनिधिगृह. तिथे पहिले कृष्णवर्णीय सदस्य जोसेफ रेनी डिसेंबर १८७० मध्येच आले होते आणि तेही साउथ कॅरोलायनाचेच.

कृष्णवर्णीयांमध्ये बुद्धी नसते असं मानणारे लोक तेव्हा एक युक्तिवाद करत. एखादा कृष्णवर्णीय नेता हुशार निघाला की त्याच्यात गोऱ्यांचं रक्त असणार, असं म्हणून ते विषय संपवत. इलियट यांचा वर्ण गडद होता आणि त्यांचे पूर्वज पूर्णपणे आफ्रिकी आहेत असं मानलं जाई. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही पळवाटही उरली नव्हती.

इलियट यांनी संसदेत पहिल्यापासून एकच धागा धरला : नागरिकाचं रक्षण करणं हे सरकारचं काम आहे. १ एप्रिल १८७१ रोजी त्यांनी क्लॅनविरोधी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. त्याच महिन्यात ते मंजूर झालं. राज्य सरकार आपल्या नागरिकाला वाचवू शकत नसेल तर केंद्र सरकारने मध्ये पडावं, हा त्याचा गाभा होता. ऑक्टोबर १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलायनातल्या नऊ परगण्यांत ‘हेबियस कॉर्पस’चा हक्क स्थगित केला, लष्कराने शेकडो लोकांना पकडलं आणि कोलंबिया शहरात खटले चालले. तेव्हाचे राज्याचे ॲटर्नी जनरल डॅनियल चेंबरलेन यांनी केंद्राच्या वकिलांसोबत हे खटले चालवले. क्लॅनचा जोर तेवढ्यापुरता मोडला. राज्याचा मुख्य वकील मनावर घेतो तेव्हा काय होऊ शकतं, हे इलियट यांनी त्या वेळी पाहिलं होतं.

बंडखोर राज्यांच्या नेत्यांना सरसकट माफी देऊन पुन्हा सत्तेच्या पदांवर येऊ द्यायलाही त्यांचा विरोध होता. पण १८७२ मध्ये माफीचा कायदा झाला. त्यामुळेच स्टीव्हन्स यांच्यासारखे लोक पुन्हा राजकारणात स्थिरावले.

त्याच वर्षाच्या अखेरीस इलियट वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या जागेसाठी उभे राहिले. तेव्हा सिनेटर राज्याचे आमदार निवडत. जॉन पॅटरसन जिंकले आणि त्यांनी मतं विकत घेतल्याचा आरोप होऊन त्यांना अटकही झाली. तरीही जागा त्यांनाच मिळाली.

ते गाजलेलं भाषण

सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी १८७० मध्ये नागरी हक्क विधेयक मांडलं होतं. रेल्वे, बोटी, हॉटेलं, नाटकगृहं, शाळा अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून कुणाला अडवता येणार नाही, असं ते विधेयक होतं. ते वर्षानुवर्षं रखडलं.

विरोधकांच्या हाती एक नवं हत्यार आलं होतं. एप्रिल १८७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खाटिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला होता. नागरिकांचे बहुतेक हक्क राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात, असा त्याचा अर्थ लावला जात होता. विरोधकांचा मुद्दा असा, की मग रेल्वेत आणि हॉटेलात कुणी बसावं यात केंद्राने कशाला पडायचं?

इलियट यांनी तोच निकाल हातात घेतला. त्यांनी दाखवलं की तो खटला कत्तलखान्याच्या मक्तेदारीचा, म्हणजे धंद्याच्या नियमांचा होता, वर्णभेदाचा नव्हता. उलट, नव्या घटनादुरुस्त्या मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या संरक्षणासाठीच झाल्या आहेत, असं त्याच निकालपत्रात म्हटलं आहे. एकाला दिलेला हक्क राज्याने दुसऱ्याला नाकारायचा नाही, हाच चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

मग ते स्टीव्हन्स यांच्याकडे वळले. १८६१ मध्ये सॅव्हाना शहरातल्या भाषणात स्टीव्हन्स यांनी नव्या सरकारची कोनशिलाच गुलामगिरी आहे असं जाहीर केलं होतं. इलियट यांनी सभागृहाला त्याची आठवण करून दिली. ज्यांनी हे सरकार मोडायचा प्रयत्न केला त्यांना आज माफ करून इथे बसू दिलं आहे आणि ते ज्यांनी हे सरकार वाचवण्यासाठी रक्त सांडलं त्यांचे हक्क नाकारत आहेत, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापासून कृष्णवर्णीय सैनिकांनी काय केलं, याचा हिशेबही त्यांनी मांडला.

भाषण देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आलं. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये या प्रसंगाचं रंगीत शिळाछाप चित्र छापलं गेलं. मध्यभागी भाषण करणारे इलियट आणि वर, बाजूला स्वातंत्र्याच्या लढ्याचे देखावे, असं ते चित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत दिसतं.

मार्च १८७४ मध्ये सम्नर वारले. बोस्टनच्या फॅन्युएल हॉलमध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी भरवलेल्या शोकसभेत श्रद्धांजलीचं मुख्य भाषण करण्याचा मान इलियट यांना मिळाला.

१ मार्च १८७५ रोजी ग्रँट यांनी विधेयकावर सही केली. शाळांचं कलम मात्र तोवर गाळलेलं होतं. आणि ज्यांनी त्यासाठी सर्वात गाजलेलं भाषण केलं ते इलियट तेव्हा संसदेत नव्हते.

संसद सोडून घरी का परतले?

१ नोव्हेंबर १८७४ रोजी इलियट यांनी राजीनामा दिला. कारण होतं साउथ कॅरोलायनातलं स्वपक्षाचं सरकार. राज्यात भ्रष्टाचार बोकाळला होता. त्याचा गाजावाजा करून गोरे विरोधक ‘कृष्णवर्णीयांना राज्य करता येत नाही’ असा प्रचार करत होते. घर सावरलं नाही तर संसदेतल्या भाषणांचा उपयोग नाही, हे इलियट यांना दिसत होतं.

ते पुन्हा राज्याच्या विधानसभेत निवडून आले आणि सभापती झाले. आरोपांपासून तेही सुटले नाहीत. विरोधी वृत्तपत्रांनी त्यांच्यावरही पैशांवरून टीका केली. पक्षातही भांडणं होती. चेंबरलेन आता गव्हर्नर होते. न्यायाधीशांच्या नेमणुकांसारख्या प्रश्नांवरून त्यांचं आणि पक्षातल्या कृष्णवर्णीय नेत्यांचं बिनसलं होतं. तरीही १८७६ च्या निवडणुकीत दोघांना एकाच यादीत उभं राहावं लागलं : चेंबरलेन गव्हर्नरपदासाठी, इलियट ॲटर्नी जनरलपदासाठी.

१८७६ : एक निवडणूक, दोन सरकारं

डेमोक्रॅटांचे उमेदवार होते वेड हॅम्प्टन, बंडखोर सैन्याचे माजी सेनापती. ॲटर्नी जनरलसाठी त्यांच्या बाजूने जेम्स कॉनर उभे होते. तेही त्याच सैन्यातले सेनापती.

प्रचार बंदुकीच्या धाकावर झाला. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग नावाच्या छोट्या गावात कृष्णवर्णीय नागरी सैनिकांवर गोऱ्यांच्या जमावाने हल्ला केला. त्यात सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा मारला गेला. कृष्णवर्णीयांपैकी काहींना तर पकडल्यानंतर गोळ्या घातल्या. त्यानंतर ‘रेड शर्ट्स’ म्हणजे लाल सदरे घातलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या रिपब्लिकन सभांमध्ये घुसू लागल्या.

मतमोजणीत हॅम्प्टन सुमारे १,१०० मतांनी पुढे होते. पण एजफिल्ड आणि लॉरेन्स या परगण्यांत मतदारांपेक्षा मतंच जास्त निघाली! राज्याच्या निवडणूक मंडळाने त्या दोन परगण्यांचे निकाल बाद केले. मग चेंबरलेन गव्हर्नर आणि इलियट ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आल्याचं जाहीर झालं.

डेमोक्रॅटांनी हे मानलं नाही. त्यांनी स्वतःची वेगळी विधानसभा भरवली. काही दिवस दोन्ही विधानसभा एकाच सभागृहात, दोन सभापती शेजारी शेजारी बसवून कामकाज करत होत्या. डिसेंबरमध्ये चेंबरलेन यांचा शपथविधी झाला आणि आठवड्याभराने हॅम्प्टन यांचाही. एका राज्याला दोन गव्हर्नर आणि दोन ॲटर्नी जनरल!

मग हा पेच सुटला कसा?

एक, पैसा. हॅम्प्टन यांच्या समर्थकांनी आपला कर फक्त हॅम्प्टन सरकारकडे भरायला सुरुवात केली. बहुतेक मालमत्ता गोऱ्यांकडे असल्याने चेंबरलेन सरकारची तिजोरी कोरडी पडली.

दोन, दिल्लीश्वर म्हणावेत तसे वॉशिंग्टनचे राज्यकर्ते. त्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूकही वादात अडकली होती. साउथ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि लुईझियाना या राज्यांच्या मतांवर निकाल अडला होता. शेवटी रिपब्लिकन रदरफोर्ड हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्ष झाले. त्यानंतर दक्षिणेतल्या सरकारांना लष्कराचा आधार द्यायचा नाही, असं धोरण त्यांनी घेतलं. १० एप्रिल १८७७ रोजी कोलंबियातल्या राज्य सभागृहाबाहेरचा केंद्राचा पहारा उठला. चेंबरलेन यांनी कार्यालय सोडलं.

इलियट आणि इतर रिपब्लिकन अधिकाऱ्यांनी आपला दावा लगेच सोडला नाही. पण सरकार, तिजोरी आणि बंदुका दुसऱ्या बाजूला होत्या. त्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं आणि कॉनर ॲटर्नी जनरल झाले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले कृष्णवर्णीय न्यायाधीश जोनाथन जॅस्पर राइट यांनाही १८७७ मध्येच राजीनामा द्यावा लागला.

कायद्याचं सर्वात वरचं पद एका माणसाला मिळालं, पण त्याच्या सहीला मान देणारी यंत्रणाच उरली नाही. क्लॅनवर खटले चालले त्या १८७१ च्या शरद ऋतूत आणि १८७७ च्या वसंत ऋतूत कायद्याची पुस्तकं तीच होती. बदललं होतं ते एवढंच, की कायद्यामागे उभं राहणारं केंद्र सरकार बाजूला झालं होतं.

शेवटची वर्षं

इलियट यांनी दोन कृष्णवर्णीय वकिलांसोबत भागीदारीत वकिली सुरू केली. पण ज्या कोर्टांत न्यायाधीश आणि ज्युरी पुन्हा गोरेच होते, तिथे कृष्णवर्णीय वकिलाकडे पैसेवाली अशिलं कुठून येणार? १८७९ मध्ये त्यांनी चार्ल्सटनमध्ये सीमाशुल्क खात्यात निरीक्षकाची नोकरी धरली.

जानेवारी १८८१ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना भेटायला कृष्णवर्णीयांचं एक शिष्टमंडळ ओहायोतल्या मेंटर गावी गेलं. त्याचं नेतृत्व इलियट यांनी केलं. दक्षिणेत आमचा मताधिकार आणि शिक्षण दोन्ही धोक्यात आहेत, हे गाऱ्हाणं त्यांनी मांडलं.

त्यानंतर त्यांची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. तब्येत मलेरियाने पोखरली होती. १८८२ मध्ये ती नोकरीही गेली. पुन्हा वकिली करून पाहिली, पण जम बसला नाही. पत्नी ग्रेस यांच्यासह त्यांनी शेवटची वर्षं हलाखीत काढली.

१५ ऑक्टोबर १८८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी १८७५ चा नागरी हक्क कायदा घटनाबाह्य ठरवला. ज्या युक्तिवादाला इलियट यांनी संसदेत उत्तर दिलं होतं, तोच युक्तिवाद जिंकला. हे पाहण्यासाठी इलियट जिवंत होते. दहा महिन्यांनी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी त्यांचा तापाने मृत्यू झाला. ४२ वा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

त्यांच्यानंतर काय झालं?

१८९५ मध्ये साउथ कॅरोलायनाने नवी राज्यघटना केली. तिच्यात मतदानासाठी वाचता येण्याची अट आली आणि डोईपट्टीही आली. होय, त्याच दोन गोष्टी, ज्यांना इलियट यांनी १८६८ मध्ये विरोध केला होता. कृष्णवर्णीय मतदार यादीतून जवळपास नाहीसे झाले. १८९७ मध्ये जॉर्ज मरे यांची मुदत संपली. त्यानंतर या राज्यातून पुढचा कृष्णवर्णीय खासदार संसदेत जायला १९९३ साल उजाडलं. ते खासदार म्हणजे जेम्स क्लायबर्न.

सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा पुन्हा झाला तो २ जुलै १९६४ रोजी. इलियट यांच्या भाषणानंतर ९० वर्षांनी.

एडवर्ड ब्रुक १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले. राज्याचे पहिले कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल अशी त्यांची ओळख अनेक ठिकाणी दिलेली दिसते. ब्रुक यांचं यश मोठंच आहे. पण त्याच्या ८६ वर्षं आधी इलियट निवडून आल्याचं जाहीर झालं होतं. ज्याला पदावरून घालवलं, त्याचं नाव यादीतूनही कसं गळतं, याचं हे उदाहरण.

या काळाचा एक धागा आपल्या मातीशीही जोडलेला आहे. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. आपल्या देशातल्या लोकांनीही शूद्रांना दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पुण्यात हे पुस्तक छापलं गेलं त्यानंतर काही महिन्यांतच इलियट वॉशिंग्टनमध्ये बोलायला उभे राहिले. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, ती कागदावरून माणसांच्या रोजच्या जगण्यात यावी यासाठीच इलियट यांची लढाई होती.

त्या लढाईत त्यांच्या हयातीत त्यांची हार झाली. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या नेत्याने त्यांच्या बुद्धीचं आणि वक्तृत्वाचं मोठं कौतुक केलं, पण सर्वसाधारण इतिहासात ते मागेच पडले. चौदाव्या दुरुस्तीचा जो अर्थ त्यांनी १८७४ मध्ये सांगितला, की कायद्याचं संरक्षण सगळ्यांना सारखं आणि ते मिळतं की नाही हे पाहण्याची जबाबदारी देशाच्या सरकारची, त्याच वाटेने विसाव्या शतकात अमेरिकेला परत यावं लागलं.